मागल्या दाराचं बोलावणं

बेपत्ता हा शब्द तुम्ही लिहिलात, साहेब. आमच्या घरात तो नव्हता. कोळ्याचा माणूस खाडीत जातो, दारूत जातो, दुसऱ्या बाईकडे जातो, पण कुठेतरी जातो. बेपत्ता नावाचा मुलूख तुम्ही शोधून काढलात आणि नाथाला तिथे नेऊन ठेवलात. वीस वर्षं. त्याची बायको रसिका दर वर्षी तुमच्या पोलीस चौकीतल्या टेबलासमोर उभी राहिली. माणसं बदलत गेली, टेबल तेच राहिलं, आणि प्रत्येकाने तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बघत एकच सांगितलं, तपास चालू आहे बाई. सातव्या वर्षी एकाने तर वर सल्ला दिला की कोर्टातून मेला म्हणून लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा. त्या दिवशी रसिका तुमच्या जिन्यावर बसून ओकली होती. तेव्हाही तुमच्यातल्या एकाला ठाऊक होतं.

घराला ते कळलं दक्षताच्या हळदीला, दुपारी साडेचार वाजता, मांडवाच्या दोन्ही अंगांना उभ्या केलेल्या स्पीकरांतून.

दक्षता ही भिवाची मुलगी, नाथाच्या थोरल्या भावाची. डोंबिवलीच्या पश्चिमेला कोळीवाड्याची गल्ली जिथे खाडीत उतरते, तिथल्या शेवटच्या घरासमोर भिवाने अख्खी गल्ली अडवून मांडव घातला होता. हळद सातला. कल्याणहून आलेला डीजे मितेश वायरी जोडत होता. बायका गोलात बसून कोलंबी सोलत होत्या, आणि रसिका मांडवाच्या खांबाशी हळद कालवत होती. पहिली हळद तिने लावायची हा सासूचा हुकूम. या घरातल्या प्रत्येक लग्नात पाच सवाशिणींत पहिली रसिका. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला पुढे कशाला बसवता, असं एकदा कुणीतरी कुजबुजलं होतं. सासूने, मालूबाईने, त्या बाईला पंगतीतून उठवलं होतं.

मांडवात सगळ्यांत जास्त मिरवत होता तो केतन. रसिकाचा मुलगा. बाप गेला तेव्हा पाच महिन्यांचा पोटात होता, आता त्याला विसावं लागलेलं. त्याच्या कपड्यांवरून घरात रोज तमाशा. सदरा गुडघ्यापर्यंत, विजारीला खिसे इतके की भिवा विचारायचा, अरे एवढ्यांत ठेवतोस काय, बोंबील? घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये तो बुटांच्या दुकानात कामाला होता. जे बूट तो दिवसभर दुसऱ्यांच्या पायात चढवायचा ते त्याला परवडणारे नव्हते, म्हणून कुणाचे तरी टाकलेले आणायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा, आणि कडेला रंगाने जाळ्याची गाठ काढायचा. मॉलमधली पोरं विचारायची, भाई, ये कौनसा ब्रँड है. तो सांगायचा, कोळीवाडा.

आज तर त्याने कहर केला होता. आजोबांचे ट्रंकेतले चौकटीचे रुमाल, जे म्हातारा आयुष्यभर कमरेला गुंडाळून होडीवर गेला, ते सात रुमाल जोडून त्याने जॅकेट शिवून घेतलं होतं, पाठीवर टोपडं आणि पुढे चेन. भिवा बघतच राहिला. म्हणाला, बापाच्या कमरेचं तू गळ्याला आणलंस. केतन म्हणाला, काका, लंगोट नव्हता ना, रुमाल होता. बायका पोट धरून हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मालूबाई हसली. तीही कमी नव्हती. नातवाची टोपलीसारखी टोपी घालून ती सुकट वाळत घालायची आणि आताही प्लॅस्टिकच्या खुर्चीत तीच टोपी घालून बसली होती.

केतन गाणी करायचा. गाणी म्हणजे रॅप. नाव घेतलं होतं 'खाजण', कारण खाजणात पाय टाकला की निघत नाही. शनिवारी ठाण्यात एका पुलाखाली पोरं गोल करून उभी राहायची, एक तोंडाने ठेका धरायचा, बाकीची पाळीपाळीने बोलायची. रसिका एकदा न सांगता जाऊन खांबाआड उभी राहिली होती. अर्धं कळलं नाही, अर्ध्यात शिव्या होत्या. पण एक गोष्ट तिने ओळखली. पोरगा ओळ तोडतो ती बरोबर आजी तोडते तिथे, आणि श्वास घेतो तोही तिच्यासारखाच, नाकातून, चोरून. लग्नातला धवला म्हणताना मालूबाई असाच घेते.

मालूबाई धवलारीण. भटजी उशिरा आला तर लग्न थांबतं, धवलारीण आली नाही तर सुरूच होत नाही. मांडवाच्या खांबापासून हळदीपर्यंत प्रत्येक गोष्ट तिच्या गाण्याने उठते आणि बसते. ती आधी देवांना बोलावते, वाजतगाजत, पुढल्या दाराने. मग जित्या सोयऱ्यांना, अक्षता देऊन. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज उतरवून, घरातल्या मेलेल्यांना. त्यांना मागल्या दाराने. एकेकाचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकाला एकच ओळ, मांगल्या दारी ये, पाट मांडलाय तुना. तिथे जित्याचं नाव चुकूनही घ्यायचं नाही, घेतलं तर त्या मांडवाचं त्याच्यासाठी सरण होतं म्हणतात. आणि मेलेला एकही वगळायचा नाही, वगळला तर तो उपाशी दारात बसून राहतो. ही गोष्ट पुरुषांना ठाऊक नसते, ते तेव्हा बाहेर मटणाच्या टोपाशी असतात. पोरांना तर नसतेच.

रसिकाला ठाऊक होती. अठरा वर्षं ती सासूच्या मागे बसून ओळ उचलत होती.

दक्षताला केतनने कबूल केलं होतं की तुझ्या हळदीला माझं गाणं वाजेल, नवीन, कुणी न ऐकलेलं. मितेश म्हणाला, आवाज बघायचाय, लाव काहीतरी. केतनने फोन जोडला.

आधी नुसता ठोका आला, पत्र्याखाली रेती हलावी तसा. त्यावर बर्फ फोडल्याचा आवाज, तोही तालात. रसिकाने ओळखला, धक्क्यावरचाच. या पोराच्या फोनमध्ये घरचा प्रत्येक आवाज होता, कुकरची शिट्टी, होडीचं इंजीन, आजीचा खोकला. मग आवाज आला तो मालूबाईचा. बारीक, जवळचा, कानाशी बोलल्यासारखा.

ये रं नाथा. मांगल्या दारी ये. पाट मांडलाय तुना.

आणि पुन्हा. आणि पुन्हा. ठोक्यावर कापून, उलटसुलट करून, ये रं नाथा, ये रं नाथा, ये रं. पोरं नाचायला लागली. मग केतनचा आवाज आत शिरला.

*खोपट डेपो, फलाट चार, बाप गाडीत, मी पोटात,*
*बोर्ड कुठला ते कुणी न वाचला, उत्तर नाय कुणाच्या ओठात.*
*वीस वर्षं आजी हाक मारते, ऐकू जातंय का रे तुला,*
*परत ये, कुणी रागवत नाय, पत्ता पाठव फक्त मला.*

भिवा मटणाच्या टोपाशी होता, तो हातातला डाव घेऊनच धावत आला. भावाचं नाव इतक्या मोठ्याने या गल्लीत वीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. त्याने दोन्ही हात वर केले आणि पोरांच्या मधोमध नाचायला लागला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, रडत होता आणि नाचत होता.

रसिकाला आधी वाटलं, चांगलं केलंय पोराने. खरंच तिला तेच वाटलं. तिचा हात हळदीत फिरत राहिला. मग तिचं लक्ष बायकांच्या गोलाकडे गेलं. तिथे कुणी कोलंबी सोलत नव्हतं. शेजारच्या आळीतली शांताबाई, तीही धवलारीण, सत्तरीची, तिने ताट खाली ठेवलं होतं आणि पदर डोक्यावर घेतला होता. तिच्या बाजूच्या म्हातारीनेही घेतला. एकेक करून सगळ्या म्हाताऱ्यांनी घेतला. जवान बायका त्यांच्याकडे बघत होत्या आणि काय झालं ते विचारत नव्हत्या.

पाट मांडलाय तुना, स्पीकर म्हणाला.

हळद घट्ट झाली आहे, पाणी घालायला हवं, असं रसिकाच्या मनात आलं. तिने तांब्या उचलला आणि तो तसाच हातात राहिला. खुर्चीतल्या मालूबाईच्या डोक्यावर अजून ती टोपी होती. टोपीखालचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, आवाज तर दोन्ही बाजूंनी येत होता.

शांताबाई उठून मितेशजवळ गेली आणि त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "बंद कर, बाला."

गाणं थांबलं तसा भिवा भडकला. कुणी बंद केलं, का केलं, माझ्या भावाचं गाणं आहे, पुन्हा लाव.

"भिवा," शांताबाई म्हणाली, "ही मेल्यांना बोलवायची वल हाय."

भिवाला कळलं नाही. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मान खाली घातली. तेव्हा त्याच्या हातातला डाव खाली आला.

मालूबाई उठली, कुणाचा हात न धरता घरातून आरपार गेली आणि मागल्या अंगणात मोरीच्या दगडावर जाऊन बसली. रसिका मागोमाग गेली. हळदीचं भांडं तिच्या कमरेवर तसंच होतं, ते ठेवायचं तिला सुचलं नाही. मग भिवा आला. मग केतन, पांढराफटक, त्या सात रुमालांच्या जॅकेटात.

पहिला तोच बोलला, कारण काय घडलंय ते त्याला एकट्यालाच अजून कळत नव्हतं. गेल्या थंडीत भावकीतल्या मृणालच्या लग्नाला त्याने पिंपात ठिबकणारं पाणी रेकॉर्ड करायला मोरीच्या कठड्यावर फोन ठेवला आणि विसरला. नंतर ऐकलं तर त्यात आजी. पुढे मांडवात सगळं म्हणून झाल्यावर ती मागे येऊन एकटीच, दबक्या आवाजात म्हणत होती. त्याला वाटलं, आजी पप्पांना घरी बोलावतेय. दुसरं काय वाटणार? आणि 'नाथा' चौथ्या ठोक्यावर असं बसलं की सरकवायलाच लागलं नाही.

"आजी, दुसऱ्याचा आवाज घेण्याआधी विचारायचं असतं," तो म्हणाला. "आमच्यात तो नियम आहे. मी नाय विचारलं. सॉरी. पण मी चुकीचं काय बोललो ते तरी सांग."

म्हातारीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू नाय चुकलास."

"आई," रसिका म्हणाली, "किती लग्नांत म्हटलंत हे?"

"सगल्यांत."

"पहिल्यापासून?"

"त्याच वर्सापासून."

रसिकाने हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. पुढे मांडवात ती सासूच्या मागे बसून मेलेल्यांची नावं उचलायची, त्यांत नाथा नसायचा, आणि प्रत्येक वेळी तिला धीर यायचा. आईने नाव घेतलं नाही, म्हणजे आहे. वीस वर्षांचं कुंकू तिने त्या न घेतलेल्या नावावर लावलं होतं. आणि म्हातारी मंगलाष्टकांच्या गोंधळात मागे येऊन ते नाव घेत होती.

मग मालूबाईने सांगितलं. तुटक सांगितलं, मध्ये बराच वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. त्या वर्षी खाडीत रेती उपसायचा मोठा पंप आला होता, त्याने तळ खरवडला, मासळी गेली. एका पहाटे नाथा आणि भिवाने मिळून पंपाचा पाइप कापला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाथाला चौकशीला नेलं, हेही ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी सोडलं आणि खोपटच्या डेपोत एसटीत बसताना कुणीतरी त्याला पाहिलं, हे तर तुमच्या कागदांत लिहिलेलं होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः होडीतून आला. म्हातारीला एकटीला घेऊन गेला. वरच्या अंगाला तिवरांत एक देह अडकला होता.

"पायाच्या अंगठ्यावरनं वलखला," ती म्हणाली. "गल लागला व्हता त्याला लानपनी."

भिवा म्हणाला, "आई, तू घरी येऊन सांगितलंस की तो नव्हता. दुसरंच कुणी होतं म्हणालीस."

"साहेब बोलला, एक पोर तर जेला. हा तुझा बोललीस तर केस व्हनार, आनि पाइप कापनारा दुसरा अजून घरात हाय. हा माझा नाय बोललीस तर तो घरातच राहील." ती भिवाकडे बघत नव्हती. "मी बोलले, हा माझा नाय."

बाहेर मितेशने काहीतरी चुकून चालू केलं आणि लगेच बंद केलं.

भिवा भिंतीला टेकून खाली बसला, हळदीसाठी घेतलेल्या नव्या पांढऱ्या कपड्यांत, ओल्या जमिनीवर. इतकी वर्षं तो भावाला शिव्या घालत होता. पोटुशी बायको टाकून पळाला म्हणून त्याच्या नावाने थुंकला होता, आणि त्याच थुंकीच्या भरपाईला त्याने रसिकाचं घर चालवलं, केतनची फी भरली. आता त्याला कुणी सांगत होतं की तू त्याच्या बदल्यात आहेस. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते एवढंच, "मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू काय बोलला असतास?"



रसिकाला आठवलं, त्या तिसऱ्या दिवशी सासू दुपारी घरी आली ती डोक्यावरून नळ सोडून घेतलेली, नेसल्या लुगड्यानिशी. तिने विचारलं तर म्हणाली, उन्हाने तापले. रसिकाने तिला स्वतःच्या हाताने कोरडं लुगडं दिलं होतं. सुतकाची आंघोळ, आणि तिने कोरडं लुगडं पुढे केलं होतं.

"आणि मला सवाशिणींत पहिली बसवत होतात," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "का? लोकांना शंका येऊ नये म्हणून?"

"तुझ्या अंगावर तो व्हता," म्हातारी म्हणाली. "कुंकू पुसलंस का मंग कुठंच नसता."

रसिकाला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि कमरेवरच्या भांड्यामुळे दोन्ही जमलं नाही.

भिवाची बायको दारात येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं, डोळे पुसले होते आणि मन घट्ट करून आली होती. ती म्हणाली की सातला मुलाकडची माणसं येतील. जे झालं ते वीस वर्षांपूर्वी झालं, दोन दिवस झाकून ठेवा, पोरीला लागू देऊ नका. आणि मग, खाली बघून, की बाहेर बायका विचारतायत, पहिली हळद आता कोण लावणार. रसिका, तू समजून घे. मी नाही म्हणत, बायका म्हणतात.

"कुठल्या बायका?" दक्षता आईच्या मागून पुढे आली. हिरवा चुडा भरलेला, केस मोकळे. "काकीच लावणार. नाहीतर मला हळदच नको. जाऊन सांग त्यांना."

"दक्षता, तुला कळत नाही."

"कळतं मला. माझा बाप जिवंत आहे कारण काकीचा नवरा नाही. यात न कळण्यासारखं काय आहे, आई?"

आईने तिच्याकडे असं बघितलं, जणू ही कुणी परकी मुलगी चुडा भरून आली आहे. दक्षता जाऊन बापाशेजारी ओल्यातच बसली.

केतन इतका वेळ नळाला पाठ लावून उभा होता. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बाप मिळाला होता आणि तो मेलेला मिळाला होता. त्याने गाण्यात ज्याचा पत्ता मागितला होता त्याला पत्ता नव्हता. रसिकाला वाटलं, हा आता कोसळेल. पण तो तिच्याकडे आला, भांडं तिच्या कमरेवरून काढून घेतलं आणि खाली ठेवलं. त्याची बोटं पिवळी झाली.

"मम्मी, मी ते गाणं कुठेच टाकलेलं नाय अजून," तो म्हणाला. "तू बोललीस तर पुसून टाकतो."

भिवा खालून म्हणाला, "पूस. आताच्या आता पूस."

"काका, तुला नाय विचारलं."

रसिकाने बघितलं. एका बाजूला दीर, जाऊ, सात वाजता येणारे सोयरे. दुसऱ्या बाजूला हे विचित्र कपड्यांतलं पोरगं, ज्याला घरात सगळे हसले, आणि ज्याने न कळता त्या घरात वीस वर्षांत बोलला गेलेला एकच खरा शब्द चोरून आणला होता. तिला कुठे उभं राहायचं हे ठरवावं लागलं नाही. ती आधीच त्याच्या बाजूला उभी होती.

"पुसायचं नाही," ती म्हणाली. "फोन दे. चालू करून दे."

त्याने लाल टिंब दाबलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने तो मोरीच्या दगडावर, सासूच्या पायाशी ठेवला आणि समोर उकिडवी बसली. म्हातारीला फोन बघूनच कळलं. ती मान हलवायला लागली.

"नको, रसिका. तो साहेब मोटा जाला हाय आता. भिवा अजून हितंच हाय. हा पोर हितंच हाय."

"आई, बघा इकडे."

"लग्न हाय घरात."

"हळद मी लावेन. सातला लावेन, ही पोरगी बसेल आणि मी लावेन, कुंकवाचं काय करायचं ते माझं मी बघेन. त्याआधी हे." रसिकाने म्हातारीचा गुडघा धरला, घट्ट, हळदीचे पाची डाग उठले. "मेलेल्याचं नाव तुम्ही वीस वर्षं दबक्या आवाजात घेतलंत. होडीतून आला तो जिवंत आहे, मग त्याचं मोठ्याने घ्या. गल्लीला ऐकू जाऊ दे. नाव काय त्या साहेबाचं, आई?"